बातम्यांतले आणि बोलण्यातले चुकीचे शब्द: क्युसेक, अतिवृष्टी, दरोडा, टांकसाळ...

गोदाकाठ

नाशिकच्या गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले की दोन वाक्ये हमखास वाचायला मिळतात. एक, ‘धरणातून सहा हजार क्युसेक प्रतिसेकंद वेगाने विसर्ग सुरू’. दुसरे, ‘आतापर्यंत वीस हजार क्युसेक पाणी जायकवाडीकडे रवाना’. दोन्ही चुकीची आहेत.

क्युसेक म्हणजे घनफूट प्रतिसेकंद. सेकंद त्या शब्दातच बसलेला आहे, पुन्हा ‘प्रतिसेकंद’ लावायचे कारण नाही. शिवाय तो वाहण्याचा दर आहे, पाण्याचे माप नाही. त्यामुळे ‘इतके क्युसेक पाणी गेले’ असे म्हणता येत नाही, ‘इतक्या क्युसेकने इतके तास विसर्ग चालू होता’ असेच म्हणावे लागते. सकाळी तीन हजार, दुपारी पाच हजार, संध्याकाळी सहा हजार, यांची बेरीज करून ‘दिवसभरात चौदा हजार क्युसेक’ छापणे म्हणजे गाडीचे तीन वेळचे वेग मिळवून कापलेले अंतर सांगणे.

१ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. सहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे १ लाख ७० हजार लिटर. दहा हजार लिटरचे सतरा टँकर दर सेकंदाला रिकामे होत आहेत असे समजा. हा विसर्ग सलग २४ तास राहिला तर ५१८ दशलक्ष घनफूट पाणी जाते. गंगापूरची साठवण ५,६३० दशलक्ष घनफूट धरतात, म्हणजे आवक थांबली असेल तर एका दिवसात धरण नऊ टक्क्यांनी उतरेल. बातमीत नुसता क्युसेकचा आकडा असतो, किती तास ते नसते, आणि नेमके तेच नसल्याने वाचणाऱ्याला काही कळत नाही.

साठ्याचे माप टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट. लक्षात ठेवायचा एकच आकडा: ११,५७४ क्युसेक पूर्ण एक दिवस वाहिले की १ टीएमसी होते. आणि दलघफू, दलघमी (‘दल’ म्हणजे दशलक्ष) यांत शेवटचे अक्षर जपा. एकात घनफूट, दुसऱ्यात घनमीटर. अक्षर चुकले की आकडा ३५ पटींनी चुकला.

ज्यांना आपापल्या क्षेत्रातले असे शब्द ठाऊक आहेत त्यांनी इथे लिहावे. नुसते ‘चूक’ म्हणू नका. नेमका अर्थ काय आणि त्या जागी काय लिहायचे, तेही द्या.

मधमेश्वर

पाण्यातलेच पुढचे. ‘धरण शून्य टक्क्यांवर’ वाचले की लोक तळ उघडा पडल्याचे चित्र डोळ्यांपुढे आणतात. टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. त्याच्या खाली मृत साठा असतो, विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या तोंडाच्या, पातळीखालचा, जो आपोआप बाहेर येत नाही. जायकवाडीचा एकूण साठा १०२.७ टीएमसी, त्यातला उपयुक्त ७६.६५. म्हणजे ‘शून्य टक्के’ असतानाही २६ टीएमसी पाणी तिथे असते. मृत साठ्यातले पाणी पंप लावून पिण्यासाठी उचलता येते. तसे उचलले की साठा ‘उणे’ दाखवतात, त्यात गूढ काही नाही.

दुसरा शब्द ‘समन्यायी पाणीवाटप’. नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा या बातम्यांत तो दरवर्षी ‘समान वाटप’ होऊन छापला जातो. समान म्हणजे प्रत्येकाला सारखे. समन्यायी म्हणजे तूट सगळ्यांनी न्याय्य प्रमाणात सोसायची. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात तूट वाटून घेण्याचीच कल्पना आहे. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या वर असेल तर वरच्या धरणांतून सोडावे लागत नाही, हे सूत्र त्यातूनच आले. ‘समान’ लिहिले की सगळा वादच भलतीकडे जातो.

पंचवटीकर

एक शंका. कधी कधी गंगापूरमधून फार सोडलेले नसते, तरी रामकुंडावर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी असते. मग आकडा खोटा की मारुती?

गोदाकाठ

दोन्ही खरे. मारुती दाखवतो ती पातळी, क्युसेकमध्ये मोजतात तो विसर्ग. धरणाच्या खाली शहरात पडलेला पाऊस नाल्यांतून आणि उपनद्यांतून नदीत येतो, त्याचा धरणाच्या दरवाजांशी संबंध नाही. म्हणून होळकर पुलापाशी किती वाहते आहे हा आकडा वेगळा देतात. शहरातल्या पुरासाठी तोच बघायचा. ‘गंगापूरच्या विसर्गामुळे गोदावरीला पूर’ असे लिहिण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवले तर पाणी कुठून आले ते लगेच दिसते.

निफाडची थंडी

पावसाचे आणि थंडीचे शब्द माझ्याकडून.

‘ढगफुटी’ हा सर्वांत स्वस्त झालेला शब्द. हवामान खात्याच्या हिशेबात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त, तेही वीस-तीस चौरस किलोमीटर एवढ्या छोट्या पट्ट्यात पडले तर ढगफुटी. दिवसभरात १०० मिमी पडला तर ती ढगफुटी नव्हे. ज्या महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांच्या गटात) पर्जन्यमापक दिवसातून एकदाच वाचतात तिथे तासाचा पाऊस कळायलाच मार्ग नाही, त्यासाठी स्वयंचलित केंद्राची नोंद लागते. मग ‘ढगफुटीसदृश’ हा शब्द पुढे येतो, ज्याला काहीच व्याख्या नाही. त्यापेक्षा ‘दोन तासांत ८० मिमी’ लिहा, वाचणाऱ्याला जास्त कळेल. १ मिमी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. एकरभर रानावर १०० मिमी पडला म्हणजे चार लाख लिटरच्या वर पाणी. बांध का फुटतो ते यातून समजते.

‘अतिवृष्टी’ची गोष्ट वेगळी, कारण तिथे पैसे अडकलेले आहेत. महसूल खात्याच्या दृष्टीने मंडळात २४ तासांत ६५ मिमीहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी. हवामान खात्याच्या प्रतवारीत ६४.५ ते ११५.५ मिमी हा नुसता ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ ‘अति जोरदार’, त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’. म्हणजे खात्याचा इशारा ‘जोरदार पावसाचा’ असला तरी पंचनाम्यात तीच अतिवृष्टी ठरू शकते. उलट, हवामानाच्या बातमीत ‘अतिवृष्टीचा इशारा’ छापले की शेतकरी ते मदतीच्या निकषाशी जोडतो, आणि मंडळाची नोंद ५८ निघाली की तलाठ्याशी भांडण. २४ तास म्हणजे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ, हेही धरून चला. मध्यरात्री ते मध्यरात्र नव्हे.

यलो, ऑरेंज, रेड हे पावसाचे आकडे नाहीत. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे कृती करा. ‘यलो अलर्टचा पाऊस पडला’ या वाक्याला अर्थ नाही.

थंडीत ‘निफाडला पारा ४ अंशांवर, दवबिंदू गोठले’ ही बातमी ठरलेली. चार अंशांना पाणी गोठत नाही, मग द्राक्षाच्या पानावर बर्फ कसा? कारण तो आकडा पेटीतल्या तापमापकाचा असतो, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरचा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून काही अंशांनी थंड असते, म्हणून गवतावर आणि पानांवर शून्य गाठले जाते. बातमीत इतकेच लिहावे की दव गोठले किंवा हिमकण दिसले. ‘दवबिंदू’ला शास्त्रात दुसरा अर्थ आहे: ज्या तापमानाला हवेतली वाफ पाण्यात उतरू लागते ते तापमान. तो ‘गोठत’ नाही, तो वर-खाली होतो. द्राक्षाच्या फवारणीच्या सल्ल्यात हा शब्द त्याच अर्थाने येतो, तिथे थेंब समजून वाचलात तर सल्लाच कळणार नाही.

आणि ‘थंडीची लाट’. मैदानी भागात किमान तापमान १० किंवा खाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी, तर लाट. किंवा थेट ४ अंश वा त्याखाली गेले तर सरासरी न बघताही लाट. नुसते गारठले म्हणून लाट नाही.

मुद्रितशोधक

आकड्यांचे शब्द सोडून साध्या मराठीकडे येतो. ‘रस्त्यांची दुरावस्था’ हा मथळा नाशिकमध्ये दर पावसाळ्यात असतो. दुर् + अवस्था = दुरवस्था. ‘दुरा’ नावाचा उपसर्ग नाही. ‘दुराचार’मध्ये आ येतो तो ‘आचार’ शब्दातला. त्याच चालीवर कोटि + अधीश = कोट्यधीश, ‘कोट्याधीश’ नाही. ‘अल्पसंख्यांक’ मध्येही अनुस्वार उपरा आहे. तिथे ‘अंक’ नाही, ‘संख्या’ला ‘क’ प्रत्यय लागलेला आहे, म्हणून अल्पसंख्याक. साठीच्या समारंभाच्या पत्रिकेवर ‘षष्ठ्यब्दीपूर्ती’ छापतात. षष्ठ म्हणजे सहावा, षष्टि म्हणजे साठ. ठ टाकला की साठ वर्षांच्या माणसाचा सहावा वाढदिवस होतो. षष्ट्यब्दीपूर्ती लिहा.

‘कारवाई’ आणि ‘कार्यवाही’ यांची गल्लत सरकारी पत्रांतून बातमीत येते. कार्यवाही म्हणजे काम पुढे नेणे: अर्जावर कार्यवाही, ठरावाची कार्यवाही. कारवाई म्हणजे कुणाविरुद्ध उचललेले पाऊल: अतिक्रमणावर कारवाई, विनापरवाना रिक्षांवर कारवाई. ‘तुमच्या अर्जावर कारवाई करण्यात येईल’ असे पत्र आले तर अर्जदाराने घाबरायला हवे.

पुतळ्याचे अनावरण, पुस्तकाचे प्रकाशन, इमारतीचे उद्घाटन, कामाचे भूमिपूजन किंवा शुभारंभ. ‘पुलाचे अनावरण’ नको. पुलावर पडदा घातलेला नसतो.

आणि ‘अपरोक्ष’. ‘माझ्या अपरोक्ष त्याने निर्णय घेतला’ असे सर्रास लिहितात. अक्ष म्हणजे डोळा. परोक्ष म्हणजे डोळ्याआड. अपरोक्ष म्हणजे डोळ्याआड नसलेले, समोरचे. वेदान्तात अपरोक्ष ज्ञान म्हणजे प्रत्यक्ष अनुभवाचे ज्ञान. तेव्हा ‘माझ्या परोक्ष’ किंवा सरळ ‘माझ्या माघारी’.

सातपूर

मुद्रितशोधक, इथे मतभेद आहे. ‘अपरोक्ष’ निम्मा महाराष्ट्र ‘माघारी’ या अर्थानेच वापरतो आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळते. अर्थ लोकांनी बदलला असेल तर कोशाने तो नोंदवावा. क्युसेकला लावलेली फूटपट्टी बोलीच्या शब्दाला लावू नका.

मुद्रितशोधक

फूटपट्ट्या दोन हव्यात हे मान्य. पण अपरोक्षचा प्रश्न वेगळा आहे. एखाद्या शब्दाचा अर्थ थोडा सरकला तर हरकत नसते. ‘पर्वणी’ हा सिंहस्थातल्या स्नानाचा शब्द. आता ‘रसिकांना पर्वणी’ म्हणतात आणि कुणाचे बिघडत नाही, दुर्मीळ योग हा भाव टिकून आहे. अपरोक्ष मात्र नेमका उलटा झाला आहे, आणि मूळ अर्थाने तो आजही लिहिला जातो. एकच शब्द ‘समक्ष’ही आणि ‘माघारी’ही झाला तर करारात, इतिवृत्तात तो वापरणारा अडचणीत येईल. बोलताना म्हणा. ‘सभासदांच्या अपरोक्ष ठराव मंजूर’ असे लिहाल तेव्हा दोन्ही बाजूंचे वकील खूश होतील.

गोदाकाठ

या धाग्यापुरते असे ठरवू. ज्या शब्दावर पैसा, शिक्षा, इलाज किंवा मोजमाप अवलंबून आहे तिथे सैलपणा नको. बाकीच्यांवर चर्चा चालू द्या.

जिल्हा न्यायालय

मग शिक्षेपासून सुरू करतो. ‘दोघांनी बंगल्यावर दरोडा टाकला.’ दोघांना दरोडा टाकता येत नाही. दरोड्याला पाच किंवा अधिक माणसे लागतात, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतही आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही (कलम ३१०). न कळत, धाक न दाखवता नेले तर चोरी, कलम ३०३. कुलूप तोडून घरात शिरले तर घरफोडी. मारहाण करून किंवा चाकूचा धाक दाखवून नेले तर जबरी चोरी, ३०९. तीच जबरी चोरी पाच जणांनी मिळून केली की दरोडा. गंगापूर रोडवर दुचाकीवरून येऊन मंगळसूत्र खेचले तर त्यासाठी नव्या संहितेत ‘हिसकावणे’ हे ३०४ वे स्वतंत्र कलम आहे. दरोड्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, साध्या चोरीला तशी नाही. म्हणून शब्द मोजून वापरायचा. बातमी लिहिताना आरोपी किती आणि बळ वापरले का, हे दोन प्रश्न विचारले की नेमका शब्द सापडतो.

अपघाताच्या बातमीतला ‘सदोष मनुष्यवध’ही तपासून लिहा. निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यू झाला तर बहुधा कलम १०६ लागते, तिथे कमाल पाच वर्षे. सदोष मनुष्यवध म्हणजे १०५, तिथे जन्मठेपेपर्यंत. पोलिसांनी १०६ लावलेले असताना मथळ्यात सदोष मनुष्यवध आले की मृताच्या घरच्यांना पुढे वाटते, कलम सौम्य केले.

पायऱ्याही क्रमाने घ्या. ताब्यात घेणे म्हणजे अटक नव्हे. अटक झाली की २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. गुन्हा दाखल होणे म्हणजे तक्रार नोंदली गेली, इतकेच. दोषारोपपत्र पोलीस दाखल करतात, आरोप निश्चित न्यायालय करते. निकालापर्यंत तो आरोपी, ‘गुन्हेगार’ नव्हे. आरोप निश्चित होण्याआधीच पुरावा पुरेसा नाही म्हणून सोडले तर दोषमुक्त. खटला चालून सोडले तर निर्दोष मुक्तता.

इंदिरानगर

जामीन मिळाला की ‘सुटका’ लिहितात, ते बरोबर की चूक?

जिल्हा न्यायालय

कारागृहातून सुटका, खटल्यातून नाही. ‘जामिनावर सुटका’ पूर्ण लिहावे. आणि जामीन मंजूर झाला तरी हमीदार, कागदपत्रे होईपर्यंत माणूस नाशिकरोड कारागृहातच असू शकतो. मंजुरी आणि सुटका यांत दिवस जातो. ‘न्यायालयीन कोठडी’लाही लोक पोलीस कोठडीची पुढची, कडक पायरी समजतात. उलट आहे. पोलीस कोठडीत तपास अधिकारी चौकशी करतो. न्यायालयीन कोठडी म्हणजे कारागृहात रवानगी, आणि तिथून जामिनाचा अर्ज सोपा होतो.

उन्हाळ कांदा

लासलगावच्या कांद्याच्या बातम्यांसाठी तीन शब्द: निर्यातबंदी, निर्यातशुल्क, किमान निर्यात मूल्य. मथळ्यांत तिन्ही एकमेकांच्या जागी येतात. बंदी म्हणजे माल जाणारच नाही. शुल्क म्हणजे माल जाईल, पण सरकारला पैसे भरून. किमान निर्यात मूल्य म्हणजे त्या भावाच्या खाली विकता येणार नाही, यात सरकारकडे एक पैसाही जात नाही. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क आले, ते बंदी नव्हती. ८ डिसेंबर २०२३ ला आली ती बंदी. ४ मे २०२४ ला ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क राहिले, म्हणजे परदेशी खरेदीदाराला टन ७७० डॉलरच्या खाली पडतच नव्हता. ‘बंदी उठली’ एवढेच वाचून ज्यांनी साठवणीच्या कांदाचाळी उघडल्या त्यांना भाव का चढला नाही ते कळले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले.

दुसरे, ‘सरासरी भाव’. बाजार समितीच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. सर्वसाधारण म्हणजे ज्या भावाला बहुतेक माल गेला तो. दहा ट्रॅक्टरपैकी सात १,५०० ने, दोन १,१०० ने आणि एक उत्कृष्ट २,६०० ने गेला, तर सर्वसाधारण १,५००. काही बातम्यांत किमान आणि कमाल मिळवून दोनने भागतात, ते येते १,८५०. त्या भावाला एकही ट्रॅक्टर गेलेला नाही! ग्राहकाला वाटते शेतकऱ्याला १,८५० मिळाले. निव्वळ ‘कांदा २,६०० वर’ हा मथळा तर एका ट्रॅक्टरचा आहे.

तिसरे, ‘साठवलेला लाल कांदा बाहेर काढला’. खरिपाचा पोळ आणि त्यामागून येणारा रांगडा, दोन्ही लाल, दोन्ही टिकत नाहीत, काढला की विकावा लागतो. चाळीत चार-सहा महिने राहतो तो रब्बीचा उन्हाळ. डिसेंबरातल्या लाल कांद्याला ‘साठेबाजी’ लावणे त्यामुळेच चूक.

एकलहरे

‘एकलहरे केंद्रातून ताशी ६३० मेगावॅट वीज’ असे लिहू नये. २१० चे तीन संच, मिळून ६३० मेगावॅट, ही क्षमता झाली, क्युसेकसारखाच दर. पूर्ण क्षमतेने २४ तास चालले तर १५,१२० मेगावॅट-तास, म्हणजे सुमारे दीड कोटी युनिट. बिलावरचे युनिट म्हणजे किलोवॅट-तास. ‘किलोवॅट प्रतितास’ नव्हे.

प्रत्येक आगीला ‘शॉर्टसर्किट’ म्हणतात तेही थांबायला हवे. फेज आणि न्यूट्रल थेट भिडले की शॉर्टसर्किट, आणि चालू स्थितीतला एमसीबी (आपोआप पडून पुरवठा तोडणारी कळ) ते तत्क्षणी तोडतो. एका सॉकेटवर गिझर आणि इस्त्री लावली की अतिभार, तोही एमसीबी तोडतो, थोडा वेळ घेऊन. पण टर्मिनलचा स्क्रू ढिला असेल तर तिथे ठिणग्या पडत राहतात, प्रवाह वाढत नाही, म्हणून एमसीबी पडत नाही आणि प्लास्टिक वितळून पेटते. जुन्या दुकानांतली ‘शॉर्टसर्किट’ म्हणून छापलेली आग तपासली तर पुष्कळदा हेच निघते. शब्द चुकला की मालक मोठा एमसीबी बसवतो, जो आणखी घातक, आणि स्क्रू तसाच राहतो. शॉक लागण्यापासून वाचवणारे उपकरण तिसरेच, आरसीसीबी, घरासाठी ३० मिलिअँपिअरचे.

प्रत्येक वेळी वीज गेली की ‘लोडशेडिंग’ नसते. मागणी भागत नाही म्हणून ठरवून बंद करतात ते भारनियमन. फिडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी वीजवाहिनी, बंद पडला तर वीजपुरवठा खंडित.

रुग्णसेवा

थोडक्यात. ‘हृदयविकाराचा झटका’ आणि ‘हृदयक्रिया बंद पडणे’ हे एक नाहीत. झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी धमनी तुंबते. माणूस शुद्धीवर असतो, छातीत दाब, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ. त्याला बसवा, चालवू नका, १०८ ला फोन करा. हृदयक्रिया बंद पडली तर माणूस कोसळतो, हाक मारून प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसती आचके दिल्यासारखी धाप. तिथे ताबडतोब छातीच्या मध्यभागी दाब द्यायला लागायचे: पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते. शुद्धीवर असलेल्याच्या छातीवर दाब देत बसणे आणि कोसळलेल्याला पाणी पाजणे, या दोन्ही चुका दोन शब्द एक मानल्यामुळे होतात.

जेल रोड

‘नाशिकरोडच्या टांकसाळीत नोटांची छपाई’ हे दिल्लीच्या वाहिन्याच नाही, आपले लोकही म्हणतात. टांकसाळीत नाणी पाडतात. त्या मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाला आहेत. नाण्यावर सालाखाली बघा: हिरा म्हणजे मुंबई, तारा हैदराबाद, टिंब नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. नाशिकरोडला छापखाने आहेत, आणि तेही दोन. १९२५ चे भारत प्रतिभूती मुद्रणालय: पासपोर्ट, मुद्रांक, टपाल तिकिटे. १९२८ चे चलार्थ पत्र मुद्रणालय: नोटा. ‘सिक्युरिटी प्रेसमध्ये नोटा’ म्हणूनच अर्धवट. आणि एक रुपयाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही शोधू नका. ती भारत सरकारची नोट, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते.

दिंडोरी रोड

पेठ, सुरगाणा, कळवणकडे हादरे बसले की ‘३.२ रिश्टर स्केलचा धक्का’. स्केल म्हणजे मोजपट्टी. ‘दोन फूटपट्टीचे कापड’ म्हणत नाही तसेच हे. ‘रिश्टर मापनावर ३.२’ म्हणा, किंवा नुसते ‘३.२ चा भूकंप’. एक अंक वाढला की कंपनाचा विस्तार दहापट, ऊर्जा सुमारे बत्तीसपट. किल्लारीचा, ३० सप्टेंबर १९९३ चा, ६.२ होता. ३.२ त्याच्या ‘निम्मा’ नव्हे. ऊर्जेच्या हिशेबात तो तीस हजार पटींहून लहान. आपल्या मेरीमध्ये (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) भूकंपमापन होते, तिथला आकडा घेताना कोणत्या मापनावरचा ते विचारावे. ‘तीव्रता’ हा शब्दही शास्त्रात त्या त्या गावाला बसलेल्या हादऱ्यासाठी आहे. भूकंपाचा अंक एकच असतो, तीव्रता गावागणिक बदलते.

पंचवटीकर

टक्क्यांबद्दल कुणीच लिहिले नाही. धरण ४० वरून ६० टक्के झाले की ‘२० टक्क्यांनी वाढ’ चालेल का?

गोदाकाठ

२० टक्केबिंदूंनी वाढ. साठ्याच्या भाषेत दीडपट, म्हणजे ५० टक्क्यांनी वाढ. व्याजदरातही तेच: रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५० वरून ६.२५ केला, ती पाव टक्केबिंदूची कपात. आणि ‘महागाई कमी झाली’ हे ‘महागाईचा दर कमी झाला’ याहून वेगळे. १०० ची वस्तू सहा टक्क्यांनी १०६ झाली, पुढच्या वर्षी तीन टक्क्यांनी १०९ च्या वर गेली. दर उतरला, किंमत चढलीच.

मखमलाबाद

सातबारावरचा एक शब्द राहिला. क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असते आणि बोलताना ‘४० आर म्हणजे एकर, एक आर म्हणजे गुंठा’. जवळपास बरोबर, पण आर १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७. एकर ४,०४६.८६ चौरस मीटर. ४० आरला एकर म्हणून खरेदी केली तर सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे ५०४ चौरस फूट कमी येते. शहरालगत तेवढ्या जागेत दोन खोल्या बसतात. भाव एकरावर ठरला असेल तर खरेदीखतात क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहून घ्या. ‘साठेखत झाले म्हणजे जमीन नावावर झाली’ हेही चूक. साठेखत हा विक्रीचा करार, मालकी खरेदीखताने येते.

सातपूर

निफाडची थंडी, मंडळाचा पाऊस ६५ च्या वर आहे की नाही ते सामान्य माणसाने कुठे बघायचे?

निफाडची थंडी

कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, मंडळ निवडा, तारखेप्रमाणे नोंद दिसते. आपले गाव कोणत्या मंडळात येते ते आधी तलाठी कार्यालयात पक्के करा. तालुक्याचा सरासरी आकडा धरू नका. इगतपुरी तालुक्यातसुद्धा एका मंडळात ९० आणि शेजारच्यात ४० असू शकतो. ज्या तारखेपुढे आकडा आहे तो त्या दिवशी सकाळी संपलेल्या २४ तासांचा असतो, म्हणजे रात्रीचा पाऊस दुसऱ्या दिवसाच्या तारखेखाली शोधावा लागतो. पीक पंचनाम्याच्या अर्जात तारीख लिहिताना सर्वांत जास्त चूक इथेच होते.